सरकारी खजिना आणि आमचीं दप्तरें

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या कॉलेजांतील इतिहासाचे चार विद्यार्थी बरोबर घेऊन आम्ही पुण्याचें पेशवे दप्तर पाहावयास गेलों होतों. दगडी इमारत, आंत उंच मांडण्या, आणि मांडण्यांवर एकाला एक लागून बसलेले कापडी रुमाल. किती म्हणून मोजावे! तेथील एका गृहस्थांनीं मोठ्या अगत्यानें एक रुमाल सोडून आमच्यापुढें ठेवला. चौघेहि विद्यार्थी वरच्या वर्गांत उत्तीर्ण झालेले, इंग्रजी ग्रंथ भराभर वाचणारे; पण कागदावर वांकून पाहतांच त्यांचे चेहरे एकदम निरक्षर माणसासारखे झाले. कागद मोडी होता. आमच्या आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्यांवरून आम्हीं ही लिपि लहानपणीं गिरविली होती. त्या बळावर अडखळत चार ओळी वाचून दाखविल्या. कोठल्याशा गांवच्या वसुलाचा तो हिशेब होता. तेव्हां त्या चौघांतील एक मुलगी म्हणाली, “सर, हें सगळें कोणी तरी वाचलेलें असेलच ना?”

आम्हीं तिला त्या वेळीं कांहीं तरी मोघम उत्तर दिलें. खरें उत्तर ‘नाहीं’ असें आहे; आणि तें तसें कां, हें सांगावयाचें तर दोनशें वर्षांचा सरकारी जमाखर्च उलगडावा लागतो. तो येथें थोडासा उलगडून पाहण्याचा विचार आहे.

पेशव्यांच्या हुजूर दप्तरांत मुलुखाचा वसूल, फौजेचा खर्च, इनामें, वर्षासनें, नेमणुका या सर्वांचे हिशेब येऊन पडत. नाना फडणिसांच्या हातीं कारभार होता तोंपर्यंत ही व्यवस्था चोख होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत तिची हेळसांड झाली. पुढें इ. स. १८१८ मध्यें इंग्रजी अंमल बसला, तेव्हां हें दप्तर ताब्यांत घेऊन लावून ठेवण्याचें काम एल्फिन्स्टननें मॅक्लाउड नांवाच्या आपल्या मदतनिसाकडे सोंपविलें. यांत विद्याव्यासंगाचा भाग किती? एल्फिन्स्टन स्वतः मोठा व्यासंगी पुरुष होता, हें खरें. परंतु मुलूख जिंकणाऱ्याला आधीं हवा असतो तो वसूल. आणि कोणत्या गांवचा आकार किती, कोणती जमीन सरकारी, कोणती इनाम, हें सांगणारा साक्षीदार त्या कागदांवांचून दुसरा नव्हता.

या साक्षीदाराची खरी उलटतपासणी झाली ती इ. स. १८५२ नंतर. त्या वर्षाच्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि इनामदारांस आपापल्या हक्काचा पुरावा दाखविण्याचें फर्मान सुटलें. ज्यांच्या घरीं तीन-तीन पिढ्या इनाम चालत आलें होतें अशांनीं देव्हाऱ्यामागें जपून ठेवलेल्या सनदा बाहेर काढाव्या, कारकुनानें त्या दप्तरांतील नोंदींशीं ताडून पाहाव्या, आणि मेळ बसला नाहीं कीं जमिनीवर आकार बसावा, असा हा व्यवहार. या कामासाठीं जुनीं दप्तरें ठिकठिकाणांहून गोळा करून पुण्यांत आणलीं गेलीं व पेशव्यांच्या मूळ दप्तरांत त्यांची भर पडली. १८६३ च्या कायद्यांनीं चौकशीचा हा तगादा तडजोडीनें मिटविला. तथापि जमलेले कागद राहिले ते राहिलेच, आणि १८९१ च्या सुमारास त्यांच्यासाठीं आज दिसते ती इमारत तयार झाली. तिचें सरकारी नांव ‘एलिएनेशन ऑफिस’. सरकारी आकारांतून सुटलेल्या, म्हणजे सरकारच्या दृष्टीनें हातच्या गेलेल्या, जमिनींची ती कचेरी. इतिहासाचा वासहि त्या नांवाला नाहीं.

ज्या कमिशनला आमच्या खापरपणज्यांनीं शिव्याशाप दिले, त्याच्याच लोभापायीं हे कागद वांचले, ही गोष्ट कबूल केली पाहिजे. खासगी वाड्यांतील दप्तरांची त्याच काळांत काय गत झाली हें वाचकांस ठाऊक आहे. माळ्यावर पाणी गळे, वाळवी लागे, आणि त्यांतून जें उरे तें वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास जाई. इतकेंच कशाला, १८५८ सालीं कंपनीचें राज्य संपल्यावर खुद्द लंडनमध्यें कंपनीचे जुने कागद टनावारी रद्दीच्या भावानें विकले गेले. तेव्हां कागद जपणें हा कांहीं इंग्रजांचा उपजत गुण होता असें नव्हे. पुण्याचें दप्तर वांचलें तें त्यांत पैसा होता म्हणून.

परंतु ज्या हेतूनें एखाद्या वस्तूवर खर्च होतो त्या हेतूपुरतीच ती वस्तु वापरली जाते. दप्तराला इमारत मिळाली, पहारेकरी मिळाला, कारकून मिळाले. वाचक मात्र मिळाला नाहीं. इनामाच्या वादांत सरकार हें स्वतःच एक पक्षकार होतें, आणि पक्षकार आपला पुरावा भलत्याच्या हातीं देत नसतो.

हा दरवाजा किंचित् किलकिला झाला तो न्यायमूर्ति रानडे यांच्या पिढींत. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनीं दप्तरांतील रोजनिश्यांचे उतारे करून घेतले, आणि त्या उताऱ्यांवर रानड्यांनीं १९०० सालीं जो निबंध लिहिला तो आजहि मुद्दाम वाचण्यासारखा आहे. राजांच्या लढायांपेक्षां लोकांचे कर, न्यायनिवाडे, वेठबिगार, टांकसाळी, समाजाच्या चालीरीति यांकडे पाहणारा इतिहास या कागदांतून निघूं शकतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. वसुलासाठीं राखलेल्या कागदाला त्यांनीं निराळाच प्रश्न विचारला, आणि कागद बोलूं लागला.

इकडे सरकारी दरवाज्याबाहेर एक वेगळाच उद्योग चालू होता. १८७८ सालीं साने, मोडक आदि मंडळींनीं ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक सुरू केलें, आणि जुन्या बखरी व पत्रें छापून निघूं लागलीं. मिरजेस शाळेंत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड काढले. आणि राजवाडे! ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. असे बावीस खंड त्यांनीं काढले. हा मनुष्य गांवोगांव हिंडे, अनोळखी वाड्यांच्या दिंड्या ठोठावी, माळ्यावरचीं दप्तरें खालीं उतरवी, स्वतः निवडी, स्वतः नकला करी, आणि छपाईच्या पैशासाठीं पुन्हा मित्रांच्या दारीं उभा राही. १९१० सालीं त्यांनीं व सरदार खंडेराव मेहेंदळे यांनीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें; पुढें मंडळाशींहि त्यांचें बिनसलें आणि ते धुळ्यास गेले. तेथेंच १९२६ च्या शेवटच्या दिवशीं ते वारले. सरकारी मदत त्यांना देऊं केली असती तरी त्यांनीं ती घेतली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

राजवाड्यांच्या या एकाकी तपश्चर्येचा आम्हां महाराष्ट्रीयांस फार अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे. पण या अभिमानाच्या भरांत आपण एक हिशेब करावयाचा विसरतों. ज्या बुद्धीचा मनुष्य एका शतकांत एखादाच निपजतो, त्यानें आपले दिवस दप्तरें वाहून नेण्यांत, कागदाचे रीम उधार मिळविण्यांत, आणि छापखानदाराची समजूत घालण्यांत घालवावे, ही कांहीं समाजाला भूषणावह गोष्ट नव्हे. त्यांच्या खंडांना ज्या प्रस्तावना आहेत तशा आणखी दहा लिहून झाल्या असत्या, तर त्यांची किंमत कोणत्याहि सरकारी अनुदानापेक्षां जास्त झाली असती. रावबहादूर पारसनिसांनीं उलट सरकारशीं जुळवून घेतलें. त्यांच्या संग्रहासाठीं साताऱ्यास इमारत झाली, आणि १९३९ मध्यें तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजांत आला. राजवाड्यांना थोर म्हणणारे पारसनिसांना नांवें ठेवीत, आणि पारसनिसांचे चाहते राजवाड्यांना विक्षिप्त म्हणत. आज संशोधकाला दोघांचेहि कागद लागतात.

सरकारी दप्तराचें दार नीट उघडलें तें १९३० च्या सुमारास, आणि तेंहि एका माणसापुरतें. बडोद्याच्या नोकरींतून १९२५ सालीं निवृत्त झालेले रियासतकार सरदेसाई यांच्याकडे मुंबई सरकारनें दप्तर चाळून निवडक कागद छापण्याचें काम दिलें. सर जदुनाथ सरकार यांचें पाठबळ त्यांना होतें. १९३४ पर्यंत पंचेचाळीस भाग बाहेर पडले. हा पराक्रम आहे यांत शंका नाहीं. परंतु जरा त्रैराशिक मांडून पाहावें. मराठी रुमाल सत्तावीस हजारांवर. काम चाललें चार वर्षें. म्हणजे सुट्ट्या वगळल्या तर दिवसाला वीसांहून अधिक रुमाल हातांखालून जावयास हवेत. एकेका रुमालांत शेंकडों कागद. असें काम म्हणजे वाचन नव्हे. नदींतून वाहत जाणाऱ्या वस्तूंपैकीं हाताला लागेल ती उचलून घेणें होय. सरदेसायांचा त्यांत दोष नव्हता. मुदत आणि मनुष्यबळ सरकारनें ठरविलें होतें.

पुण्याच्या संशोधकांना या नेमणुकीचा राग आला. वर्षानुवर्षें ज्यांनीं दार ठोठावलें ते बाहेरच राहिले, आणि किल्ली दुसऱ्याच्याच हातीं पडली, ही त्यांची तक्रार. त्या वादांत पुढें बरेंच कटु लिहिलें गेलें. तें येथें उकरून काढण्याचें प्रयोजन नाहीं. आमच्या मतें पुणेंकर खरे होते आणि सरदेसाईहि खरे होते. दप्तर सर्वांस खुलें असावें, ही मागणी न्याय्य होती. आणि जो मनुष्य चार वर्षांत पंचेचाळीस भाग काढूं शकतो त्याला काम द्यावें, हेंहि योग्य होतें. चूक झाली ती सरकारनें या दोन गोष्टींपैकीं एकीवरच पैसे खर्च केले ही. निवडक छापण्याचा खर्च मंजूर झाला; दहा-वीस तरुणांस मोडी व फारसी शिकवून, पगार देऊन, रुमालामागून रुमाल वाचीत बसविण्याचा खर्च मंजूर झाला नाहीं. तो पुढेंहि त्या प्रमाणांत कधीं झाला नाहीं. स्वराज्य आलें, दप्तर अभ्यासकांस खुलें झालें, १९९३ सालीं सरकारी अभिलेखांच्या जतनाचा मध्यवर्ती कायदाहि झाला. परंतु तोंवर शाळांतून मोडी उठून गेली होती. दार उघडलें तेव्हां आंत जाणारा मनुष्य आंधळा झालेला होता. हल्लीं कागदांचीं छायाचित्रें घेऊन तीं यंत्रांत सांठविण्याचें काम चालू आहे, आणि तें अवश्य व्हावें. फक्त न वाचलेल्या कागदाचें छायाचित्रहि न वाचलेलेंच राहतें, इतकें ध्यानांत असूं द्यावें.

दप्तर हें बोलूनचालून सरकारचें, तेव्हां त्याचा भार सरकारनें उचलावा हें कोणीहि मान्य करील. सार्वजनिक वाचनालयांचा प्रश्न याहून अवघड आहे, पण सरकारी पैशाचा स्वभाव तेथेंहि तोच दिसून येतो. इंग्लंडांत १८५० सालीं ग्रंथालयांचा पहिला कायदा झाला, त्याची मौज पाहण्यासारखी आहे. नगरसभांना घरपट्टीच्या पौंडामागें अर्धा पेनी घेऊन ग्रंथालय काढण्याची मुभा मिळाली. मात्र त्या पैशांतून इमारत बांधावी, नोकर ठेवावे, पण पुस्तकें विकत घेऊं नयेत! पुस्तकें लोकांनीं देणगी द्यावीं अशी अपेक्षा होती. पांच वर्षांनीं ही चूक सुधारली आणि अर्ध्याचा एक पेनी झाला. मांडणीला पैसा आणि रुमाल सोडणाऱ्याला कांहीं नाहीं, असा जो प्रकार आम्ही पुण्यास पाहिला त्याचाच हा विलायती भाऊ.

आमच्याकडे गोव्यांत पोर्तुगीज सरकारनें १८३२ सालींच सार्वजनिक ग्रंथालय काढलें होतें. इंग्रजी मुलुखांत बहुतेक ठिकाणीं वाचनालयें निघालीं तीं वर्गणीवर. १८४८ मध्यें पुण्यास जें निघालें त्यांत लोकहितवादींचा पुढाकार होता. वर्गणीचें वाचनालय म्हणजे वर्गणी देऊं शकणाऱ्यांचें वाचनालय. वकील, मामलेदार, मास्तर संध्याकाळीं येऊन वर्तमानपत्र वाचीत. ज्याच्याजवळ चार आणे नाहींत तो पायरीखालीं.

ही पायरी मोडण्याचा खरा प्रयत्न केला तो सयाजीराव महाराजांनीं. बडोदें संस्थानांत १९०६ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें झालें, आणि शिकलेलें मूल वाचावयास पुस्तक न मिळाल्यामुळें चार वर्षांत पुन्हा निरक्षर होतें, हें महाराजांच्या लक्षांत आलें. अमेरिकेंत पाहिलेलीं ग्रंथालयें त्यांच्या डोळ्यांपुढें होतीं. १९१० सालीं त्यांनीं बॉर्डन नांवाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यास आणला. राजवाड्यांतील खासगी ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास दिला. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडीं फिरूं लागल्या. पण या सर्वांत आम्हांस महत्त्वाची वाटते ती पैशाची मांडणी. गांवच्या लोकांनीं एक हिस्सा जमवावा, पंचायतीनें एक द्यावा, आणि सरकारनें एक द्यावा. ज्या गांवानें आपला हिस्सा दिला तें गांव पुस्तकाविषयीं हक्कानें बोलूं लागे. सरदेसायांच्या नोकरीचीं वर्षें याच बडोद्यांत गेलीं, आणि त्यांच्या ‘रियासती’चा पायाहि तेथेंच घातला गेला, ही गोष्ट आम्हांस केवळ योगायोगाची वाटत नाहीं.

मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं फैजी समिति नेमली गेली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत पायरीपायरीनें जाण्याची तिची योजना चांगली होती. पैसे नाहींत म्हणून ती कपाटांत पडली व स्वातंत्र्याच्या सुमारास थोडीशी बाहेर आली. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं ग्रंथालयांचा कायदा केला, हिंदुस्थानांतील पहिला. मद्रासनें १९४८ मध्यें कायदा केला आणि घरपट्टीवर ग्रंथालयासाठीं वेगळा कर बसविला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यांत कर नाहीं. ग्रंथालय निधींत सरकारनें दरसाल निदान पंचवीस लक्ष रुपये घालावे, असें आहे. पुढें ही रक्कम कितीतरी पटींनीं वाढली, आणि अनुदान घेणारीं वाचनालयें हजारोंनीं झालीं. याबद्दल सरकारला दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु कर आणि अनुदान यांत फरक आहे. कर हा नागरिकाचा हिस्सा. अनुदान ही वरून आलेली कृपा. कृपा कधीं येईल तें विचारतां येत नाहीं.

आम्ही ज्या तालुक्याच्या गांवीं राहतों तेथील वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आम्ही कांहीं वर्षें आहों. अनुदानाचा दुसरा हप्ता बहुधा मार्चच्या शेवटल्या आठवड्यांत हातीं पडतो, आणि एकतीस तारखेच्या आंत तो खर्ची पडला पाहिजे. मग आमचे ग्रंथपाल पिशवी घेऊन जिल्ह्याच्या गांवीं जातात आणि दुकानदाराच्या फळीवर जें असेल तें घेऊन येतात. एका वर्षीं स्वयंपाकाचीं आठ पुस्तकें आलीं, त्यांतलीं तीन एकच. ग्रंथपालांचा पगार सांगण्यासारखा नाहीं.

याच वाचनालयांत मागच्या खोलींत एक लांकडी पेटी आहे. जवळच्या खेड्यांतील एका जुन्या देशपांडे घराण्यानें वाडा पाडतांना ती आणून दिली. तींत मोडी कागदांचे सात रुमाल आहेत. अनुदानाच्या तक्त्यांत पुस्तकांची संख्या, सभासदांची संख्या, वर्तमानपत्रांची संख्या असे रकाने आहेत; या पेटीला रकाना नाहीं. ती शिल्लक मालांत ‘जुनें सामान, नग एक’ म्हणून दाखविलेली आहे. डांबराच्या गोळ्यांचे पैसे ग्रंथपाल स्वतः देतात, आणि मंडळाच्या सभेंत त्याचा उल्लेख केलेला त्यांना आवडत नाहीं.

दप्तरांत प्रश्न विचारणारी ती मुलगी गेल्या श्रावणापासून दर रविवारीं आमच्याकडे येते. प्रथम बाराखडी गिरविली. मग आजोबांच्या वह्या. आतां आम्हीं पेटींतला पहिला रुमाल सोडला आहे. अकरा कागद वाचून झाले. त्यांत एक विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा तंटा आहे, आणि त्याचा निकाल काय लागला तो कागद अद्याप सांपडलेला नाहीं.